ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस कोणत्या टूलने सांभाळावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिलंय ते स्पष्ट राहील. मसाले-लोणच्यांचं ऑनलाइन दुकान, लॅरावेलमध्ये (पीएचपी भाषेतल्या वेब-ॲपच्या चौकटीत) बांधलेलं, मागे मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस, सगळं एकाच भाड्याच्या सर्व्हरवर. ज्याने बांधून दिलं तो आता दुसरीकडे नोकरीला, फोनवर तेवढा सापडतो. ऑफिसातली मंडळी पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं टूल) उघडून ऑर्डरी शोधतात, अधूनमधून स्टेटस बदलतात आणि आठवड्यातून एकदा ‘एक्स्पोर्ट’ दाबून बॅकअप काढतात. दिवाळीच्या तोंडावर साइट रखडते. आता डेटाबेस हाताळायला डीबीव्हर, वर्कबेंच, नॅव्हिकॅट यांतलं काय घ्यावं, की सरळ क्लाउडवर जावं, असा प्रश्न आहे.

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते आणि उद्या पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे गेलात तरी टूल बदलावं लागत नाही. सगळी मशिनं विंडोजची असतील आणि हलकं काही हवं असेल तर हायडीएसक्यूएलही छान. नॅव्हिकॅट चांगलं आहे, पण पैसे मोजून तुमच्या कामात फारसा फरक पडणार नाही. ही सगळी टूलं म्हणजे डेटाबेसकडे बघायची खिडकी; खिडकी कोणतीही असली तरी चालतं. दुकान वाचतं ते ज्या टूलांमुळे, त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

बॅकअपपासून सुरुवात करू, कारण तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

ब्राउझरमधून काढलेला एक्स्पोर्ट लहान डेटाबेसला ठीक असतो. डेटा वाढला की तो अर्धवट राहू शकतो आणि अर्धवट राहिल्याचं कळत नाही. पीएचपीमायॲडमिनला स्वतःची वेळमर्यादा असते, मूळ सेटिंगमध्ये ३०० सेकंद. होस्टिंगवाल्याची पीएचपीची मर्यादा त्याहूनही कमी असू शकते. मर्यादा संपली की फाइल तिथेच तुटते. डाउनलोड झालेली फाइल दिसायला धडधाकट असते, उघडते, आत टेबलंही दिसतात. एका घाऊक व्यापाऱ्याकडे हेच झालं होतं. नियमित बॅकअप घेतले जात होते, तारखांनुसार फोल्डर लावलेले होते, पण डिस्क गेल्यावर फाइली उघडल्या तर प्रत्येकीत ऑर्डरींचं टेबल मध्येच संपलेलं, आणि वर्णानुक्रमात त्याच्या पुढची टेबलं मुळातच नाहीत. पेमेंटचं टेबल त्यातच गेलं. शेवटी बँकेची स्टेटमेंटं आणि ग्राहकांना गेलेले ईमेल जुळवत हिशोब उभा करावा लागला.

यावरचा उपाय फुकट आहे आणि सर्व्हरवर आधीपासूनच आहे: मायएसक्यूएलडम्प, म्हणजे अख्खा डेटाबेस एका फाइलीत (डम्प) उतरवून देणारं टूल. कमांडलाइनवरून चालतं, त्याला ब्राउझरची वेळमर्यादा लागू होत नाही. ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावा, म्हणजे इनोडीबी (मायएसक्यूएलचा मूळ साठवण-प्रकार) टेबलांचा एकाच क्षणाचा सुसंगत डम्प मिळतो आणि त्या वेळात दुकानही चालू राहतं. ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्यायही लावा. ते मुळात बंद असतात आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) राहून गेल्याचं परत आणतानाच लक्षात येतं. डम्प पूर्ण झाला की फाइलच्या शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड ऑन’ आणि पुढे तारीख-वेळ येते. रात्रीच्या स्क्रिप्टने ती ओळ तपासावी आणि नसेल तर तुमच्या फोनवर निरोप यावा. एवढ्या एका तपासणीने त्या व्यापाऱ्याचं नुकसान टळलं असतं.

फाइल त्याच सर्व्हरवर ठेवू नका, हे सांगायला नको. रेस्टिक नावाचं मुक्त टूल आहे. ते बॅकअप एन्क्रिप्ट करूनच बाहेर पाठवतं. पाठवायच्या जागी असं खातं वापरा की तुमच्या सर्व्हरला तिथे नवीन फाइल टाकता यावी पण जुनी पुसता येऊ नये. खंडणीखोर सर्व्हरमध्ये शिरला की तो पहिल्यांदा बॅकअप शोधून पुसतो.

आता याहून महत्त्वाचं. बॅकअप आहे की नाही याचा पुरावा एकच: तो दुसऱ्या मशिनवर परत उभा करून बघणं. गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, कारण त्यांनी ते स्वतःच सविस्तर जाहीर केलं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनियरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचं डेटा फोल्डर पुसायचं होतं. कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. काही सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीतला बहुतेक डेटा गेला होता. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक सोडून अनेक पद्धती होत्या. रोजचा डम्प चुकीच्या आवृत्तीच्या टूलने चालत होता, म्हणून दर वेळी अपयशी होत होता. अपयशाचे ईमेल पाठवले जात होते, पण ते मेल सर्व्हरवरच नाकारले जात होते. बाहेर साठवायच्या जागेत काहीच नव्हतं. वाचवलं ते कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या नकलेने. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. तिथली माणसं कुशल होती. राहिली होती ती एकच गोष्ट: यांपैकी एकही बॅकअप कुणी नियमितपणे परत उभा करून पाहत नव्हतं.

तर महिन्यातून एकदा, एखादा जुना लॅपटॉप चालेल, त्यावर कालचा डम्प चढवा. शेवटच्या ऑर्डरीचा क्रमांक, महिन्याच्या विक्रीची बेरीज आणि मोठ्या टेबलांमधल्या ओळींची संख्या चालू दुकानाशी ताडून बघा. आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवा. मायएसक्यूएलडम्पने काढायला लागतो त्यापेक्षा चढवायला बराच जास्त वेळ लागतो, कारण सगळे इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेल्या सूची) नव्याने बांधले जातात. हा वेळ तुमच्या दुकानाला परवडेनासा झाला की पर्कोना एक्स्ट्राबॅकअपकडे जायचं. ते डेटाच्या फाइलीच थेट नकलून घेतं, त्यामुळे परत आणणं झपाट्याने होतं. तोवर डम्प पुरेसा आहे.

रात्री दोनचा बॅकअप आणि संध्याकाळी पाचची चूक, यांच्या मधल्या ऑर्डरींचं काय? यासाठी बायनरी लॉग असतो, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची ओळीने नोंद. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो, पण त्याच डिस्कवर. मायएसक्यूएलबिनलॉग हे टूल दुसऱ्या मशिनवर बसून तो लॉग सतत ओढून घेऊ शकतं. तसं लावून घ्या. डम्प काढताना ‘सोर्स-डेटा’ हा पर्याय २ देऊन लावलात की फाइलच्या सुरुवातीलाच लॉगमधली नेमकी जागा टिपणीच्या ओळीत लिहून येते.

समजा कुणी ऑर्डरींचं स्टेटस बदलताना ‘वेअर’ची (कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणारी) अट लिहायला विसरलं आणि सगळ्याच ऑर्डरी ‘रद्द’ झाल्या. अशा वेळी घाईघाईने चालू डेटाबेसवर जुना बॅकअप चढवू नका. त्याने रात्री दोननंतरच्या खऱ्या ऑर्डरीही जातील. वेगळ्या मशिनवर कालचा डम्प उभा करा, डम्पच्या सुरुवातीला लिहिलेल्या जागेपासून लॉग त्या चुकीच्या क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या) अगदी आधीपर्यंत चालवा. मग फक्त ऑर्डर क्रमांक आणि स्टेटस असे दोन कॉलम तिथून उचला, चालू डेटाबेसमध्ये एका तात्पुरत्या टेबलात टाका आणि जोडून दुरुस्त करा. दुकान बंद करायची गरजसुद्धा पडत नाही. हे एकदा शांतपणे सराव म्हणून करून ठेवलंत तर प्रत्यक्ष दिवशी हात थरथरत नाहीत.

मुळात ती क्वेरी चालायलाच नको होती, हेही आहे. त्यासाठी टूलपेक्षा परवानग्या कामाला येतात. बऱ्याच लहान दुकानांत ॲप, ऑफिस आणि बाहेरचा डेव्हलपर सगळे एकाच रूट (सर्वाधिकारी) खात्याने आत येतात. खाती वेगळी करा. ॲपच्या खात्याला वाचणं, घालणं, बदलणं, पुसणं एवढंच. टेबल उडवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार त्याला लागत नाही. टेबलांची रचना बदलणारं खातं वेगळं, ते फक्त नवी आवृत्ती चढवताना वापरायचं. ऑफिससाठी निव्वळ वाचायचं खातं. डीबीव्हरमध्ये जोडणी बनवताना तिचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ ठेवा, म्हणजे खिडकीचा रंगच वेगळा दिसतो, आणि ऑटो-कमिट (बदल लगेच कायम होणं) बंद आहे ना ते बघून घ्या. वर्कबेंचमध्ये ‘सेफ अपडेट्स’ मुळातच चालू असतं. ज्या कॉलमवर ‘की’ (इंडेक्स) आहे त्यावर अट नसेल तर ते बदल नाकारतं. अनेक जण ‘एरर ११७५’ दिसला की वैतागून ते बंद करतात. कृपा करून करू नका.

ऑफिसच्या लोकांना खरं तर डेटाबेस नको असतो, त्यांना ‘कालची न गेलेली पार्सलं’ हवी असतात. त्यांच्यासाठी मेटाबेस लावा. मुक्त आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, एकदा प्रश्न तयार करून ठेवला की पुढे बटण दाबलं की तक्ता. त्याला थेट टेबलं न दाखवता व्ह्यू (निवडक माहितीच दाखवणारा तक्ता) बनवून द्या, ज्यात मोबाइल नंबरचे शेवटचे चारच आकडे असतील. स्टेटस बदलायची सोय ॲपच्या ॲडमिन पानावर करून घ्या, म्हणजे कुणी काय बदललं त्याची नोंदही राहील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लहान दुकानालाही ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी देतो, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्यावर एवढा दंड बसेल असं मी म्हणत नाही. पण हजारो घरांचे पत्ते आणि फोन तुमच्याकडे विश्वासाने दिलेले आहेत, हे मात्र खरं आहे.

एक गोष्ट आजच करा. ३३०६ हा मायएसक्यूएलचा पोर्ट (जोडणीचं दार) इंटरनेटला उघडा आहे का ते तपासा आणि असेल तर फायरवॉलवर बंद करा. डीबीव्हर आणि हायडीएसक्यूएल दोन्हींमध्ये एसएसएच टनेलची (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीची) सोय आहे, घरून काम करणाऱ्याला तेवढी पुरते. पीएचपीमायॲडमिनही उघड्या पत्त्यावर ठेवू नका.

दिवाळीत साइट रखडते, त्यावर बहुतेक जण मोठा सर्व्हर घेतात. आधी स्लो क्वेरी लॉग बघा. तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच टिपतो. दुकानासाठी ही मर्यादा एक सेकंदावर आणा. दोन-चार दिवसांनी पर्कोना टूलकिटमधलं पीटी-क्वेरी-डायजेस्ट त्या लॉगवर चालवा. एकूण वेळातला सर्वाधिक वाटा कोणत्या क्वेरीचा ते ते वरपासून खाली मांडून देतं, आणि बहुतेक वेळा वरच्या एक-दोन क्वेरींतच निम्मं दुखणं असतं.

माझा तर्क सांगतो, कारण हे मी भारतीय दुकानांच्या ॲपमध्ये वारंवार पाहिलंय. मोबाइल नंबरचा कॉलम मजकुराचा आहे, त्यावर इंडेक्सही आहे, पण ॲप शोधताना नंबर अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून पाठवतं. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतला मजकूर आकड्यात बदलून तुलना करतं आणि इंडेक्स बाजूला पडतो. ग्राहक कमी असताना हे जाणवत नाही. सणासुदीला शेकडो जण एकाच वेळी लॉगिन करतात तेव्हा प्रत्येक लॉगिन अख्खं टेबल वाचतं. क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन’ लावून बघा. ‘टाइप’च्या कॉलममध्ये ‘ऑल’ दिसलं तर हेच आहे. दुरुस्ती कोडमध्ये एका ओळीची, सर्व्हर तोच.

इंडेक्स घालताना किंवा टेबलात कॉलम वाढवताना एक सापळा आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये ८.०.१२ पासून कॉलम जोडणं बहुधा क्षणात होतं आणि इंडेक्स बांधतानाही टेबल चालू राहतं. पण हा बदल सुरू होण्यासाठी त्या टेबलाचं मेटाडेटा लॉक (रचनेवरचं कुलूप) लागतं. त्याच वेळी कुणी लांबलचक रिपोर्ट चालवत असेल तर बदल थांबून राहतो, आणि त्याच्या मागे येणारी प्रत्येक साधी क्वेरीही रांगेत उभी राहते. बाहेरून बघणाऱ्याला साइट पडली असंच वाटतं. हे लॉक मिळण्याची वाट किती बघायची याची मूळ मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे एक वर्ष. बदल करण्याआधी त्या सेशनपुरती ‘लॉक वेट टाइमआउट’ची किंमत पाच सेकंद करा. नाही जमलं तर बदल स्वतःच माघार घेईल, तुम्ही पुन्हा प्रयत्न करा. फारच मोठं टेबल असेल तर गिटहबने २०१६ मध्ये खुलं केलेलं गोस्ट हे टूल आहे, पण तुम्हाला सध्या त्याची गरज दिसत नाही. रचनेतले बदल हाताने करू नका, लॅरावेलच्या मायग्रेशन (रचनेतले बदल लिहायच्या) फाइलींतूनच करा आणि त्या गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवा. तुमचा जुना डेव्हलपर सापडत नसेल तेव्हा पुढच्याला डेटाबेसचा इतिहास तिथूनच वाचता येईल.

मराठी दुकान आहे म्हणून दोन गोष्टी आवर्जून. पहिली, कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी बरोबर तीन बाइटांत बसते, त्यामुळे जुनी टेबलं मराठीत वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतात आणि कुणाला शंका येत नाही. मग एखादी ग्राहक ‘तिखट कमी टाका’ लिहून पुढे इमोजी लावते. इमोजीला चार बाइट लागतात, आणि तिची अख्खी ऑर्डर नाकारली जाते. ८.० मध्ये नव्या डेटाबेससाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हेच मुळातलं सेटिंग आहे, पण आधीच्या आवृत्तीतून आलेली टेबलं आपोआप बदलत नाहीत. एकेक टेबल तपासा.

दुसरी, क्रमवारी. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पाठोपाठ येतो, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये मराठीसाठी वेगळं कोलेशन (क्रमवारीचा नियम) नाही. त्यामुळे गावांच्या यादीत ‘वाळवा’ आधी आणि ‘वाशी’ नंतर येतं. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर, म्हणून वाशी आधी यायला हवी. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड-लायब्ररीचं मराठी कोलेशन मिळतं. तुम्हाला एवढ्यासाठी डेटाबेस बदलायला नको; पीएचपीच्या ‘इंटल’ एक्स्टेन्शनमधला ‘कोलेटर’ मराठी लोकेल (भाषेचं सेटिंग) देऊन वापरा आणि यादी ॲपमध्येच लावा. ग्राहकाला गाव चटकन सापडलं पाहिजे, आणि आपल्या भाषेतलं दुकान आपल्या भाषेच्या क्रमाने दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता क्लाउड. तुमच्याकडे पूर्णवेळ जाणकार माणूस नाही, तेव्हा व्यवस्थापित (देखभाल पुरवठादारच बघतो असा) डेटाबेस घेणं योग्यच ठरेल. ॲमेझॉनची आरडीएस ही अशी सेवा मुंबईतूनही चालते. रोजचे बॅकअप आणि कोणत्याही क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय तयार मिळते, म्हणजे वर सांगितलेलं लॉग ओढण्याचं काम वाचतं. पण आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवसांचे राहतात, आणि डेटाबेस पुसताना वेगळं सांगितलं नाही तर तेही सोबत पुसले जातात. मागे जाताना नवाच सर्व्हर तयार होतो, त्याचा पत्ता वेगळा असतो, तो ॲपमध्ये बदलावा लागतो. आणि परवानग्या, अडकलेली क्वेरी, चुकलेला ‘वेअर’ यांतलं काहीही क्लाउड सोडवत नाही. म्हणून महिन्याचा डम्प तुमच्या स्वतःच्या ताब्यात, वेगळ्या खात्यात ठेवणं चालूच ठेवा.

हलवायचंच असेल तर आवृत्तीचाही विचार आत्ताच करा. मायएसक्यूएल बनवणाऱ्या ओरॅकलकडून ८.० ला दुरुस्त्या मिळण्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. पुढचा दीर्घ मुदतीचा मुक्काम ८.४. थेट उडी मारण्याआधी मायएसक्यूएल शेलमधली अपग्रेड तपासणी चालवा, काय मोडणार आहे त्याची यादी ती देते. ८.४ मध्ये जुनी ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धत मुळात बंद असते, तेव्हा तुमच्या ॲपचं खातं त्या पद्धतीवर असेल तर ते आत जाणारच नाही. नवी पद्धत पीएचपी ७.४ पासून समजते. सर्व्हरवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे ते मला कळवा, आणि स्लो क्वेरी लॉगमधल्या पहिल्या तीन क्वेरी ग्राहकांची माहिती काढून पाठवा. पुढचं त्यावर बोलू.